कमान वाजते तेव्हा, आणि वाजत नाही तेव्हाही

विमानतळ असो, न्यायालय असो, मॉल असो वा सिद्धिविनायकासारखे गर्दीचे देवस्थान असो, आत जाण्यापूर्वी आता एका उभ्या चौकटीतून जावे लागते. कोणी तिला मेटल डिटेक्टर म्हणतो, कोणी धातुशोधक यंत्र, तर बहुतेक ज्येष्ठ मंडळी सरळ ‘ती वाजणारी कमान’ म्हणतात. प्रवासाचे दिवस जवळ आले, की या कमानीविषयी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘डॉक्टर, गुडघा बदललेला आहे, कमान वाजेल का?’ दुसरा, ‘पेसमेकर आहे, त्यातून गेलो तर तो बंद पडेल का?’

तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ‘कमान वाजली नाही, म्हणजे शरीरात धातू नाही असे मानावे का?’ माझ्या मते या तिन्हींत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे चुकीचे उत्तर एखाद्याच्या दृष्टीवर, प्रसंगी जिवावरही बेतू शकते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच भौतिकशास्त्रात दडलेली आहेत. ते समजण्यास शाळेतील गणित पुरे होते. म्हणून आजच्या लेखात थोडा विज्ञानाचा फेरफटका मारू.

एका गोळीचा शोध

या यंत्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान रुग्णाच्या खाटेशेजारी लिहिले गेले, हे अनेकांना ठाऊक नसते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून १४ वर्षे होती. गोळी नेमकी कोठे आहे, हे पाहण्याचे साधनच नव्हते. डॉक्टर जखमेत बोटे आणि सळया घालून ती चाचपडत राहिले, आणि ती बोटे निर्जंतुक केलेली नसत.

तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा कानाला लावायचा भाग यांच्या साहाय्याने त्यांनी एक यंत्र सिद्ध केले. धातू जवळ आला की कानात गुणगुण ऐकू येई. यादवी युद्धातील गोळ्या अंगात बाळगून जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्याची चाचणी झाली आणि ते यशस्वी ठरले. राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत मात्र ते अपयशी झाले. एक तर त्यांच्या अंथरुणाखाली पोलादी तारांची गादी होती, हे बेल यांना मागाहून कळले. दुसरे कारण अधिक गंभीर होते. गोळी शरीराच्या उजव्या बाजूसच आहे, अशी मुख्य डॉक्टर विलार्ड ब्लिस यांची ठाम समजूत होती आणि शोध त्याच बाजूस घेतला गेला. ७९ दिवसांच्या यातनांनंतर १९ सप्टेंबर रोजी गारफिल्ड निवर्तले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागे सापडली. त्यांचा बळी गोळीपेक्षा जंतुसंसर्गाने अधिक घेतला, असे आज मानले जाते.

यंत्राचे तत्त्व खरे होते, पण त्यास चुकीच्या जागी प्रश्न विचारला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

रिकाम्या तराजूची युक्ती

आता तत्त्व पाहू. आपल्या स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी आठवा. तिच्या काचेखाली तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, म्हणून वेटोळ्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र वरच्या भांड्याच्या बुडात शिरले, की बुडातच विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम आहे. चुंबकीय क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल, तितका विजेचा दाब अधिक. शेगडीत या भोवऱ्यांनी भांडे तापते.

धातुशोधक यंत्र हे याच शेगडीचे अत्यंत सौम्य भावंड आहे. त्याची शक्ती इतकी अल्प असते, की आपल्या गुडघ्यातील धातू त्याने तापत नाही. पण भोवरे निर्माण होतात, आणि प्रत्येक भोवरा स्वतःचे इवलेसे चुंबकीय क्षेत्र उलट पाठवतो. ते पकडण्यासाठी यंत्रात दुसरे, ऐकणारे वेटोळे असते.

अडचण अशी, की ऐकणाऱ्या वेटोळ्यास पहिल्या वेटोळ्याचा मोठा आवाजही ऐकू येणार. त्यात धातूची कुजबुज कशी कळावी? युक्ती तराजूची आहे. वेटोळी अशा रीतीने मांडतात, की पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर एका भागात अधिक आणि दुसऱ्या भागात उणे होऊन बेरीज शून्य यावी. दोन्ही पारडी रिकामी, काटा मध्यावर. मग धातूचा लहानसा तुकडा आला तरी काटा हलतो आणि यंत्र वाजते.

दुसरी एक पद्धतही रूढ आहे. तीत वेटोळ्यातून क्षणभर प्रवाह सोडून तो एकदम तोडतात आणि मग शांतता पाळून ऐकतात. धातूतील भोवरे लगेच थांबत नाहीत, ते विरत जातात. हे विरणे आपल्या परिचयाचे आहे. औषधाची रक्तातील मात्रा ठरावीक काळाने निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच काळाने पाव, मग एक अष्टमांश. भोवऱ्यांचे गणितही तेच. फक्त येथे तासांऐवजी सेकंदाचे सूक्ष्म अंश मोजायचे. एकाच आकाराचे दोन तुकडे घेतले, तर चांदी वा तांबे यांसारख्या उत्तम वाहकात भोवरा अधिक काळ रेंगाळतो आणि टायटॅनियमसारख्या मंद वाहकात लवकर विरतो.

हे क्षेत्र क्ष-किरणांसारखे नाही, हेही येथेच सांगतो. सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा बदलणाऱ्या या क्षेत्रात पेशींतील अणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरण असतात ते सामान तपासणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रात, आणि त्यात आपण जात नाही, आपली पिशवी जाते. तेव्हा ‘वारंवार कमानीतून गेल्याने किरणोत्सर्ग होतो’ ही भीती मनातून काढून टाकावी.

बांगडी, साखळी आणि गुडघा

कोणता धातू वाजेल, हे तीन गोष्टींवर ठरते: धातूची जात, त्याचा आकार आणि त्याचे अंतर.

जात पाहू. कृत्रिम गुडघ्यात बहुधा कोबाल्ट-क्रोमियम आणि टायटॅनियम यांचे मिश्रधातू असतात. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे शंभरपट आहे. त्यामुळे त्यातील भोवरे दुबळे असतात. लोखंड मात्र चुंबकीय असल्याने निराळ्याच प्रकारे, लगेच ओळखू येते.

आता आकार. भोवऱ्याला फिरण्यास सलग वाट हवी. म्हणून घट्ट जोडलेली गोल बांगडी जोरात बोलते, तर बारीक कड्यांची साखळी वजनाने तेवढीच असूनही तुलनेने गप्प राहते, कारण तिचे प्रत्येक कडे म्हणजे एक स्वतंत्र, चिमुकली बांगडी. याचे गणित सुरेख आहे. तारेची जाडी तीच ठेवून बांगडीचा व्यास दुप्पट केला, तर तिच्या आतील क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून विजेचा दाब चौपट. तारेची लांबी दुप्पट झाल्याने रोधही दुप्पट. चारास दोनाने भागले, म्हणजे प्रवाह दुप्पट. पण परत पाठवलेले क्षेत्र प्रवाह आणि क्षेत्रफळ या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. दोन गुणिले चार, म्हणजे आठपट. व्यास दुप्पट, आवाज आठपट!

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गुडघा वा खुब्याचा कृत्रिम सांधा आकाराने मोठा असतो. धातू मंद वाहक असला तरी कमान वाजण्याची शक्यता पुष्कळ असते. हृदयातील स्टेंट म्हणजे अतिसूक्ष्म जाळी, ती सहसा वाजत नाही. दातांतील भरण व टोप्याही बहुधा गप्प राहतात. मोतीबिंदूनंतर बसवलेले भिंग धातूचे नसतेच.

कमान वाजली म्हणजे आपल्याला काही अपाय झाला, असे मुळीच नाही. तिने फक्त ‘येथे धातू आहे’ एवढे सांगितले. शल्यविशारदांनी दिलेले इम्प्लांट कार्ड जवळ ठेवावे, मात्र त्यामुळे तपासणीतून सूट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ‘माझ्या उजव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे’ असे कमानीत शिरण्यापूर्वीच शांतपणे सांगावे. विमानतळावर स्त्रियांची तपासणी महिला कर्मचारी पडद्याआड करतात. फार वेळ उभे राहवत नसेल तर बसण्यास खुर्ची मागण्यात संकोच नको.

अंतराचे गणित आणि पेसमेकर

तिसरी गोष्ट अंतराची, आणि पेसमेकर असलेल्यांसाठी हीच कळीची आहे.

गोल वेटोळ्याच्या मधोमध उभ्या रेषेवर आपण दूर जाऊ लागलो, की त्याचे क्षेत्र कमी होते. वेटोळ्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरू. केंद्रापाशी क्षेत्राची तीव्रता १ मानली, तर ५ सेंटिमीटरवर ती सुमारे एक तृतीयांश, १० सेंटिमीटरवर सुमारे एक अकरांश आणि १५ सेंटिमीटरवर सुमारे बत्तिसावा भाग उरतो. धातूकडून परत येणारी कुजबुजही त्याच प्रमाणात क्षीण होते. जाणे आणि येणे दोन्ही धरले, तर यंत्रास ऐकू येणारा संकेत ५ सेंटिमीटरवर आठवा भाग, १० वर सव्वाशेवा भाग आणि १५ वर हजारावा भाग! हाती धरायचे दांडीसारखे यंत्र कर्मचारी अंगाच्या इतके जवळून का फिरवतात, ते आता ध्यानात येईल.

पेसमेकर स्वतः संकेत ऐकणारे यंत्र आहे. हृदयाच्या आतून येणारे काही मिलिव्होल्टचे ठोके तो सतत टिपत असतो. ठोका उशिरा आला तर तो स्वतः प्रेरणा देतो. त्याची तार आणि धातूचे कवच मिळून शरीरात एक मोठे कडे तयार होते, विशेषतः जुन्या एकध्रुवी तारांमध्ये. त्या कड्यात बाहेरचे बदलते क्षेत्र शिरले, तर फॅरडेंच्या नियमानुसार तेथेही थोडा दाब निर्माण होणार. उदाहरणादाखल पाहा. कड्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याएवढे, म्हणजे १० मायक्रोटेस्ला, आणि ते सेकंदास १००० वेळा बदलणारे मानले, तर दाब सव्वा मिलिव्होल्टच्या आसपास येतो. हृदयाचा खरा ठोकाही याच पातळीवरचा. पेसमेकर क्षणभर गोंधळू शकतो, तो का, हे यावरून समजावे.

परंतु घाबरण्याचे कारण नाही. आजच्या पेसमेकरमध्ये ही अशी कुजबुज गाळून टाकणाऱ्या गाळण्या असतात. दोन टोके जवळजवळ असलेल्या द्विध्रुवी तारांमुळे ते कडेही पुष्कळ लहान होते. गोंगाट फारच झाला, तर बहुतेक पेसमेकर ठरलेल्या वेगाने प्रेरणा देत राहतात आणि गोंगाट सरताच पूर्ववत होतात. आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास हृदयास झटका देणारे यंत्र, त्याला मात्र गोंगाट म्हणजे हृदयाची धोकादायक थरथर वाटू शकते. पण झटका देण्यापूर्वी ते काही सेकंद खात्री करून घेते. म्हणून सारा भर वेळेवर आहे. नेहमीच्या चालीने कमानीतून जाण्यास सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडू शकते ते कमानीत थांबल्याने, तिला टेकून उभे राहिल्याने वा तिच्या लगत खुर्ची टाकून बसल्याने. दुकानांच्या दाराशी चोरी रोखण्यासाठी उभारलेल्या खांबांसही हेच लागू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्येच या दोन्ही प्रकारच्या यंत्रांविषयी डॉक्टरांस सावध केले होते.

आपल्याकडे विमानतळावर कमानीनंतर दांडीचे यंत्रही अंगावरून फिरवले जाते. तेव्हा पेसमेकरचे कार्ड दाखवून, छातीच्या त्या भागावर यंत्र धरू नये, हाताने तपासणी करावी, अशी नम्र विनंती करावी. याच नियमाने मोबाईल फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, सदऱ्याच्या डाव्या खिशात नको. इंडक्शन शेगडी तर याच तत्त्वाचे बलवान रूप. चालू शेगडीपासून पेसमेकर ६० सेंटिमीटर दूर राहावा, असा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला आहे. कर्णशंखात बसवलेले श्रवणयंत्र, इन्सुलिन पंप किंवा दंडावरील साखर मोजणारे सेन्सर असल्यास त्या त्या उत्पादकाची पुस्तिका प्रवासापूर्वी वाचून घ्यावी. यांतील काही साधने कमानीतून चालतात, पण सामानाच्या क्ष-किरण यंत्रातून घालण्यास मनाई असते.

कमानीचे मौन

आता तो तिसरा प्रश्न. एमआरआय तपासणीपूर्वी ‘शरीरात कोठे धातू आहे का?’ असे विचारले जाते. त्यावर, ‘छे, विमानतळावर कमान कधी वाजली नाही,’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. वर पाहिलेले गणित या उत्तराचा फोलपणा दाखवते.

लहान तुकड्याचा संकेत स्थूलमानाने त्याच्या घनफळाप्रमाणे घटतो. सांध्यातील ५० मिलिमीटरचा भाग आणि १ मिलिमीटरचा लोखंडी कण यांची तुलना केली, तर लांबीत फरक ५० पट, पण घनफळात ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे सव्वा लाख पट. चालत्या माणसाच्या डोळ्यात रुतलेला असा कण कमानीस ऐकू येणे अशक्यप्राय आहे. तारुण्यात लेथवर, वेल्डिंगवर वा ग्राइंडरवर काम केलेल्या कित्येकांच्या डोळ्यांत असे कण शिरलेले असतात आणि वर्षानुवर्षे त्रासही देत नाहीत. पण एमआरआयचे चुंबक १.५ टेस्लाचे असते, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. त्यात तो कण हलला तर दृष्टी जाऊ शकते. मेंदूतील रक्तवाहिनीवर पूर्वी बसवलेल्या काही जुन्या चिमट्यांबाबत तर प्रश्न थेट जिवाचा आहे.

कमान न वाजणे म्हणजे ‘मला ऐकू आले नाही’, एवढेच. ‘येथे काही नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. बेल यांच्या यंत्रानेही उजवी बाजू शोधली आणि गोळी डावीकडे होती. यंत्राच्या उत्तराची किंमत आपण त्याला काय, कोठे आणि किती जवळून विचारतो, यावर ठरते. म्हणून एमआरआयपूर्वी पूर्वीच्या शस्त्रक्रिया, अपघात, कारखान्यातील काम, सारे काही सांगावे. शंका असल्यास डोळ्याचा साधा एक्स-रे काढून खात्री करता येते. आजचे बहुतेक स्टेंट, सांधे आणि अनेक नवे पेसमेकरही योग्य अटींवर एमआरआयला चालतात. लपवण्यात धोका आहे, सांगितल्याने सहसा वाट निघते.

रुग्णाबरोबर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एमआरआयचे चुंबक तपासणी चालू नसतानाही जागेच असते. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकास आपला जीव गमवावा लागला. तो रुग्ण नव्हता, सोबत आलेला होता. तंत्रज्ञाने स्वतः सांगितल्याखेरीज त्या दाराच्या आत पाऊल टाकू नये. चाकांची खुर्ची, काठी, किल्ल्या, केसांतील पिना, सारे बाहेर ठेवावे.

घरी करण्याजोगे एक छोटे काम

या आठवड्यात एक कागद घ्या. घरातील प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीच्या नावापुढे शरीरात काय बसवले आहे, कोणत्या बाजूस, कोणत्या वर्षी आणि कोणत्या रुग्णालयात, हे लिहा. पेसमेकर असल्यास त्याचा प्रकार कार्डावरून उतरवून घ्या. आजोबा पूर्वी कारखान्यात कामाला होते का, डोळ्यात कधी कण गेला होता का, हे त्यांना विचारा. अशा गोष्टी मुलांना बहुधा ठाऊक नसतात, आणि ऐन वेळी सांगण्याच्या स्थितीत रुग्ण असेलच असे नाही. त्या कागदाची एक प्रत औषधांच्या डब्यात आणि एक पाकिटात ठेवा.

पुढच्या वेळी कमान वाजली तर दचकू नका, आणि वाजली नाही तर तिच्यावर विसंबू नका. एमआरआयच्या दाराशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो कागद देईल.